नाशिकला पत्ता नको, वेळ विचारा

नाशिककर सहसा 'गोदावरीवर जातो' म्हणत नाही. 'गंगेवर जाऊन येतो' असं सांगून तो बाहेर पडतो आणि घरच्यांना कळतं, की हा आता तासभर काही येत नाही. मी पहिल्यांदा दोन दिवस नाशिकला गेलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. खिशात सतरा ठिकाणांची यादी होती, प्रत्येकाचा नीट पत्ता होता. दुपारी दीडला मिसळीच्या दुकानापाशी पोचलो, तर पोरगा पातेलं घासत होता. "संपली. सकाळी यायचं ना, काका." लेणी चढलो ती टळटळीत उन्हात, त्यामुळे वर पोचल्यावर भिंतीपेक्षा सावलीच जास्त पाहिली. गंगेवर गेलो तो गुरुवार. भाजीवाल्या मावशींनी हळहळून सांगितलं, "बाजार काल होता. बुधवारी असतो." पत्ते सगळे बरोबर होते, वेळा सगळ्या चुकल्या होत्या.

नाशिकमध्ये खाणं, गाणं आणि इतिहास या तीन वेगवेगळ्या गोष्टी नाहीत. जुन्या गावात तिन्ही एकाच दोन किलोमीटरांत दाटीवाटीने नांदतात. पण प्रत्येकाचा प्रहर ठरलेला आहे, काहींचा वार आणि काहींची तिथीसुद्धा. म्हणून इथला छोटा मुक्काम आखताना नकाशा नंतर उघडावा. आधी दिनदर्शिका, मग घड्याळ.

महिना कुठला धरायचा?

खाण्यासाठी यायचं तर जानेवारी ते मार्च. द्राक्षं तेव्हाच का, याचं उत्तर कात्रीत आहे. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते, वसंतात जागी होते आणि शरदात पिकते. आपल्याकडच्या हवेत वेल झोपतच नाही. तिला मोकळं सोडलं तर घड भर पावसात तयार होतील आणि कुजतील. यावर इथल्या बागायतदारांनी वर्षाला दोन छाटण्यांचा तोडगा बसवला. एप्रिलच्या सुमारास 'खरड छाटणी' होते. तेव्हा फळ घ्यायचं नसतं, काडी तयार करायची असते. पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, 'गोडी छाटणी' होते आणि तिच्यानंतर घड लागतात. निफाड, पिंपळगाव बसवंत, ओझर या पट्ट्यात ऑक्टोबरात अवकाळी पाऊस आला की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, तो यासाठीच. फेब्रुवारीत आपण तोंडात टाकतो त्या मण्यामागे असं दोन कात्र्यांचं वर्ष उभं असतं.

गाण्या-वाजवण्यासाठी यायचं तर तिथी पाहावी. दिवाळीच्या पाडव्याला भल्या पहाटे जुन्या नाशकात पिंपळपारावर मैफल भरते. स्वेटर-शाली घेऊन लोक अंधारातच जागा धरतात. गणेशोत्सवातली विसर्जन मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि गावातून वळणं घेत पंचवटीत येते. नाशिक ढोल ऐकावा तर तेव्हाच. एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला हाताची थाप आणि वर ताशाची तडतड. हा ढोल गावापुरता राहिलेला नाही. केरळातल्या उत्सवांतही तो वाजतो, आणि तिथले लोक त्याला 'नासिक डोल' या नावानेच ओळखतात. शहराचं नाव एखाद्या फळाला मिळणं समजू शकतं, पण दुसऱ्या राज्यातल्या वाद्याला मिळावं म्हणजे त्या आवाजाचा दम किती!

रंगपंचमी हा तर नाशिकचा खास दिवस. बऱ्याच ठिकाणी लोकांनी धुळवडीलाच रंग खेळून घेतलेला असतो. नाशिककर पाच दिवस कळ काढतो. मग जुन्या गावातल्या चौकांत, रस्त्याच्या पोटात वर्षभर बुजवून ठेवलेल्या रहाडी उघडल्या जातात. रहाड म्हणजे पेशवाईपासून चालत आलेला दगडी हौद, पुरुषभर किंवा त्याहून खोल. एरवी त्यावर लाकडं आणि माती टाकून रस्ता सपाट केलेला असतो. वरून रोज गाड्या जातात, पण कुणाला पत्ताही लागत नाही. रहाडीची पूजा होते, पाणी भरलं जातं, त्यात उकळलेला रंग ओततात आणि मग 'धप्पा' सुरू होतो, म्हणजे थेट उडी. प्रत्येक रहाडीचा रंग परंपरेने ठरलेला असतो. तिवंधा आणि शनी चौकांतल्या गर्दीतून बाहेर पडलेल्या माणसाच्या अंगावरचा रंग पाहून तो कुठल्या रहाडीतून आला, हे जाणता नाशिककर सांगतो.

चैत्रात कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात. मे महिन्यात गोदाघाटावर देवमामलेदार यशवंत महाराज पटांगणात संध्याकाळी वसंत व्याख्यानमाला चालते. नदीकाठी बसून फुकट व्याख्यान ऐकणं हीही या गावची करमणूकच. आणि एक तिथी सगळ्यांत मोठी. 2027 साली सिंहस्थ आहे. बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या त्या पर्वणीचा अनुभव वेगळा, पण या लेखातला निवांत दोन दिवसांचा बेत तेव्हा विसरावा. तयारीची कामंही घाटावर आधीपासून सुरू असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करून घेतलेली बरी.

शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ

मुंबईकरासाठी एक गाडी जणू या बेतासाठीच आखली आहे. मनमाडहून मुंबईला जाणारी पंचवटी एक्स्प्रेस सकाळी निघते आणि संध्याकाळी परत फिरते. ती नोकरीसाठी मुंबई गाठणाऱ्या नाशिककरांची गाडी. 1975 पासून या गाडीच्या डब्यांत भजनी मंडळं झाली, पत्त्यांचे डाव रंगले, सोयरिकी जुळल्या. पाहुण्याने ती उलटी वापरावी. शुक्रवारी संध्याकाळी नोकरदारांबरोबर नाशिकला यावं आणि सोमवारी सकाळी त्यांच्याचबरोबर परतावं. कसाऱ्याचा घाट उतरत्या उजेडात किंवा अंधारात जातो, पण साडेतीन तासांत डब्यातल्या गप्पांमधून शहराची ओळख सुरू होते. पुण्याहून येणाऱ्याला रस्ताच बरा, सुमारे 210 किलोमीटरचा.

एक खाचखळगा लक्षात ठेवावा. नाशिक रोड स्टेशन म्हणजे नाशिक नव्हे. गाव तिथून आठ-दहा किलोमीटरवर आहे. मुक्काम जुन्या गावाच्या जवळ, रविवार कारंजा किंवा पंचवटीच्या चालत्या अंतरात घेतला, तर पुढचे दोन दिवस रिक्षा फार लागत नाही. महामार्गालगतची झगमगीत खोली घेतली, तर निम्मा मुक्काम सिग्नलवर जातो.

शनिवार, पहिला प्रहर: भिंतीवरचा हिशेब

लेणी उघडतात तेव्हाच तिथे असावं. शहरापासून आठेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून, भातुकलीतल्या डोंगरासारखा त्रिकोणी डोंगर दिसतो. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा आणि त्याचा संबंध नाही. शिलालेखांत या डोंगराचं नाव 'तिरण्हु' असं आहे, त्यावरून त्रिरश्मी. पायऱ्या दोनशेच्या आसपास. वर चोवीस बौद्ध लेणी, इसवी सनाच्या आगेमागे सुरू होऊन पुढची काही शतकं घडत राहिलेली.

सगळी चोवीस पाहू नयेत. तीन पाहावीत, पण उभं राहून पाहावीत.

पहिलं अठरावं, म्हणजे चैत्यगृह. त्याच्या दारावर कोरलं आहे की हे धंबिका गावचं, नाशिककरांचं दान. 'नासिककानं' हा शब्द तिथे ब्राह्मी लिपीत आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हे लोक स्वतःला नाशिककरच म्हणवत होते. मध्ये मोगलांनी गावाचं नाव गुलशनाबाद ठेवून पाहिलं. ते नाव कागदांवर राहिलं, हे तोंडी टिकलं.

दुसरं दहावं लेणं. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ते खोदवलं. त्याचे लेख म्हणजे एक प्रकारे प्रवासी सोयींची जुनी यादीच आहे. भडोच, मंदसौर, सोपारा आणि इथलं गोवर्धन या ठिकाणी चार दारांच्या धर्मशाळा बांधल्या, पार, दमणगंगा, तापी अशा नद्यांवर नावा फुकट केल्या, असं तो सांगतो. मग येतो पैशांचा हिशेब. तो मराठी माणसाने बोटावर करून पाहावा असा आहे. उषवदाताने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेव म्हणून ठेवले. बँक कुठली? गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणी, म्हणजे व्यवसायसंघ. दोन हजार एका श्रेणीकडे, महिन्याला शेकडा एक दराने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. दोन हजारांचं वर्षाचं व्याज 240. पावसाळ्यात या लेण्यात राहणारे भिक्खू वीस, प्रत्येकाला वस्त्रासाठी 12 कार्षापण. वीस गुणिले बारा, 240. हिशेब दमडीलाही चुकत नाही. उरलेल्या हजाराचं व्याज 90, ते वरखर्चाला. आणि कलम स्पष्ट आहे: मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज खर्चायचं.

तिसरं लेणं याला उत्तर म्हणून खोदलेलं वाटावं इतकं भव्य आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचं राज्य मोडलं. त्याचा आवाज पुढे वेगळ्याच ठिकाणी ऐकू आला. 1906 साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. शत्रूची नाणी वितळवत बसायला वेळ कुणाला होता? तिसऱ्या लेण्यातला मोठा लेख मात्र राजाचा नाही, त्याच्या आईचा आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी गौतमी बलश्रीने तो कोरवला. शक, यवन, पल्हवांना हरवणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा मुलगा, अशी त्याची ओळख ती करून देते. पुत्र गेल्यावर आईने भिंतीवर लिहिलेलं हे त्याचं चरित्र. राजांच्या नावाआधी आईचं नाव लावायची या घराण्याची रीत होती, आणि इथे आईनेच लेखणी हाती घेतली. खाली पाहिलं तर ओसरीचा सगळा भार खांद्यावर घेतलेले सहा बुटके यक्ष जमिनीतून अर्धे बाहेर आलेले दिसतात. त्यांचे चेहरे बघावेत, एकही कण्हत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे. 1870 साली त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांनी 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत केला आणि नंतर बिऱ्हाड नाशिकला हलवलं. 1944 साली ते इथेच वारले. भूक लागली नसेल तर थांबावं, पण बहुधा लागलेलीच असते.

साडेनऊ: मिसळ

नाशिकमध्ये मिसळ हा नाश्ता नाही, ती भेट आहे. रविवारी मित्रांची टोळकी गंगापूर रोड किंवा मखमलाबादच्या बाजूला झाडाखाली टेबलं लावलेल्या ठिकाणी जातात आणि तास-दीड तास उठत नाहीत. चुलीवरची म्हणून मिरवणारी ठिकाणंही आहेत. पाहुण्याने शनिवारी जावं, गर्दी निम्मी असते.

ताटात काय येतं ते क्रमाने पाहू. मोड आलेल्या मटकीची उसळ, तिच्यावर शेव-फरसाण, बाजूला चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू, दह्याची वाटी, पाव. आणि नाशिकची खूण म्हणजे पापड. रस्सा वेगळ्या भांड्यात. कोल्हापूरचा रस्सा लाल, आणि त्याचा तिखटपणा पुढून येतो. नाशिकचा काळपट. कांदा आणि सुकं खोबरं पार काळसर होईपर्यंत भाजून केलेल्या काळ्या मसाल्याचा हा रंग, खानदेशाच्या वाऱ्याचा. त्यामुळे पहिल्या घासाला तिखट लागत नाही, भाजल्याचा वास येतो. तिखट मागून, तिसऱ्या घासाला, गळ्याशी पोचतं. दही त्याच वेळेसाठी राखावं, आधीच ओतून मोकळं होऊ नये. रस्सा सगळा एकदम घेऊ नये. फरसाण मऊ पडलं की अर्धी मजा गेली. थोडा घ्यावा, संपला की "रस्सा द्या" म्हणावं, तो मिळतोच. शेवटी जिलेबी. कुठली मिसळ चांगली, हा प्रश्न नाशिककरांत विचारू नये. उत्तरं येतात, पण मग वाद मिटवायला आपल्यालाच बसावं लागतं.

दुपार: टेकांवरचं गाव

'नाशिक नव टेकांवर वसविले' असं जुने लोक म्हणतात. टेक म्हणजे उंचवटा. जुन्या गावात चालताना ते पोटऱ्यांना कळतं. गल्ली चढते, वळते, उतरते आणि अचानक नदी दाखवते. या उंचवट्यांतल्या जुन्या गढीवर 1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळाच्याही आधीची वस्ती वर आली.

जेवण दुपारी साधं घ्यावं. मिसळीवर पुन्हा झणझणीत शेवभाजी घेतली तर संध्याकाळ खोलीवर जाते. जेवून सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल, भद्रकाली असा फेरफटका. भांडी बाजारात तांब्या-पितळेवरची ठोक अजून ऐकू येते. घंगाळ, समया, पळी-पंचपात्री. तीर्थक्षेत्र आणि तांबट यांचं जुनं नातं इथे दुकानांतून मांडलेलं दिसतं. सरकारवाड्याचं लाकडी काम पेशवाईतलं. जवळच सार्वजनिक वाचनालय, स्थापना 1840. 'सावाना' हे त्याचं गावातलं नाव. ग्रंथालय नाट्यगृहही सांभाळतं, हे मराठी गावातच घडू जाणे.

याच जुन्या नाशकात नाटक, गाणं आणि इतिहास एका रात्री एकत्र आले. 21 डिसेंबर 1909. विजयानंद थिएटरात देवलांचं 'संगीत शारदा'. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती, त्यांच्या निरोपानिमित्त हा प्रयोग. जॅक्सन संस्कृत जाणणारे, लोकांत 'पंडित' म्हणवले जाणारे अधिकारी. पण बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेचा खटला त्यांच्याच हातून पुढे गेला होता. कोवळ्या वयाच्या अनंत कान्हेरेंनी थिएटरातच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढच्या एप्रिलमध्ये कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्यात फाशी झाली. बालविवाहाविरुद्धचं नाटक, पदं ऐकायला जमलेले रसिक, आणि मध्येच तो आवाज. जुन्या गावातल्या या गल्ल्यांतून जाताना पावलं आपोआप मंदावतात.

चिवडा आत्ताच घ्यावा. कोंडाजी की माधवजी, हा वादही मिसळीच्या जातीचा आहे. परतीचा वानोळा म्हणून नाशिकहून चिवडाच नेतात, कारण द्राक्षं वाटेत दबतात आणि मिसळ बांधून नेता येत नाही.

तिन्हीसांज: गंगेवर

ऊन उतरलं की घाटावर. रामकुंडाजवळ दोन्ही बाजूंना तोंड असलेला उंच मारुती उभा आहे, तो दुतोंड्या मारुती. नदीला पूर आला की नाशिक सेंटिमीटर विचारत नाही. 'दुतोंड्याच्या गुडघ्याला लागलं', 'कमरेला आलं', 'गळ्याशी आलं', एवढ्यात सगळ्या गावाला काय ते समजतं. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे 'नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं'. ती घंटा समोरच्या रामेश्वर मंदिराच्या दर्शनी भिंतीवर टांगली आहे. मंदिर 1747 साली नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलं. घंटा पोर्तुगीज, 1721 सालची. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. चर्चसाठी ओतलेल्या घंटेने शिवमंदिरात राहून पुराची मोजणी करावी, असा हा नाशिकचा संसार.

दोन पावलांवर काळाराम. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी काळ्या दगडात बांधलेलं मंदिर देखणं आहेच. पण पूर्व दरवाज्यापाशी क्षणभर थांबून दुसराही इतिहास आठवावा. 2 मार्च 1930 पासून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. हजारो माणसं शिस्तीत आली, आणि दरवाजे बंद राहिले. जवळपास पाच वर्षं. ऑक्टोबर 1935 मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. सकाळी ज्या बुद्धाच्या लेण्यांत विणकरांच्या ठेवीचा हिशेब वाचला आणि संध्याकाळी जो दरवाजा पाहिला, त्या दोहोंत अंतर आठ किलोमीटरचं. मधला रस्ता मात्र फार लांबचा होता.

पंचवटीतच गाण्याचं एक घर होतं. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाणं दरबारातून आणि कोठीवरून उचलून शाळेच्या वर्गात आणि तिकिटाच्या सभागृहात आणलं. मुंबईची मोठी इमारत कर्जापायी गेली. मग ते नाशिकला आले, 'रामनाम आधार आश्रम' काढला आणि उत्तरायुष्यात रामकथा आणि भजन हेच गाणं झालं. 1921 साली नाशिकला जन्मलेला त्यांचा मुलगा दत्तात्रेय म्हणजेच डी. व्ही. पलुस्कर. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि स्वतः जेमतेम चौतीस वर्षं जगला. 'बैजू बावरा'त उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबरची त्यांची जुगलबंदी घराघरांत पोचली. घाटावर बसून ऐकायला मात्र त्यांचं भजन काढावं. स्वर इतका स्वच्छ, की कानाला धुतल्यासारखं वाटतं.

प्रत्यक्ष मैफल हवी, तर इंद्रकुंडावरचं पलुस्कर सभागृह, शालिमारजवळचं महाकवी कालिदास कलामंदिर आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठान यांच्याकडे त्या आठवड्यात काय आहे, ते स्थानिक वर्तमानपत्राच्या 'आज शहरात' छापाच्या रकान्यात पाहावं. कुसुमाग्रजांचं, म्हणजे तात्यासाहेब शिरवाडकरांचं हे गाव. त्यांच्या जन्मदिनाच्या, 27 फेब्रुवारीच्या आठवड्यात आलात तर कार्यक्रमांची निवड करणंच अवघड होतं. काहीच नसेल तर काळजी नको. कुठल्या तरी मंदिरात कीर्तन असतंच आणि तिथे तिकीट लागत नाही.

रविवार: एकच दिशा

बहुतेकांचा बेत इथे फसतो. सकाळी त्र्यंबक, दुपारी द्राक्षबाग, संध्याकाळी सिन्नर असं लिहून आणलेलं असतं. यातली एकच दिशा निवडावी.

पश्चिमेला निघालात, तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. परमेश्वरीलाल गुप्तांनी 1980 मध्ये उभारलेलं. काल जोगलटेंभीची गोष्ट ऐकली असेल तर इथे वेळ मजेत जातो. आधी फोन करून जावं. पुढे ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं त्र्यंबकेश्वर. रविवारी रांग असते, हे धरूनच निघावं.

दक्षिण-पूर्वेला गेलात तर तीसेक किलोमीटरवर सिन्नर. यादवांची जुनी राजधानी, आणि तिथलं गोंदेश्वर हे भूमिज शैलीतलं पंचायतन. मध्ये मोठं मंदिर आणि चार कोपऱ्यांत चार लहान, एकाच जोत्यावर. शिखराच्या अंगावर छोट्या शिखरांच्या माळा चढत जातात. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांची सावली बघत तास निघून जातो.

आणि काहीच दगदग नको असेल तर गंगापूर रस्त्याने गोवर्धनला. द्राक्षं जानेवारी ते मार्च. वाइनची द्राक्षं खाण्याच्या द्राक्षांहून लहान, जाड सालीची, बियांची असतात. एक मणी मागून चाखला तर फरक जिभेलाच कळतो. सुला वाइनयार्ड्‌सची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली आणि पुढे या टेकड्यांवर पाहुण्यांची रीघ लागली. घेणाऱ्याने घ्यावी, गाडी चालवणाऱ्याने द्राक्षाचा रस प्यावा. पण पाटीवरचं गावाचं नाव वाचायला विसरू नये. ज्या गोवर्धनातल्या विणकरांकडे उषवदाताने तीन हजार कार्षापण ठेवले होते, तेच हे नाव. तेव्हा मागावर वस्त्र विणलं जात होतं, आता मांडवावर वेल चढवतात.

संध्याकाळी पुन्हा गंगेवर जावं. नवं काही बघायला नाही, नुसतं बसायला. पाववडा खात पायऱ्यांवर बसलं की यादीत राहिलेलं सगळं आठवतं. रहाड पाहिली नाही, पाडव्याची पहाट राहिली, बुधवारचा बाजार पुन्हा हुकला, येवल्याच्या पैठणीचा विषयच निघाला नाही. पहिल्या खेपेला मला याची चुटपुट लागली होती. आता लागत नाही. दहाव्या लेण्यातलं कलम मी माझ्यापुरतं लागू करून घेतलं आहे. दोन दिवसांत व्याज तेवढं खर्चायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. सोमवारी सकाळी नोकरदारांच्या गर्दीत पंचवटीत शिरताना चिवड्याची पिशवी सांभाळावी आणि शेजाऱ्याला विचारून घ्यावं, की यंदा रंगपंचमी कोणत्या वारी येते.